रेकॉर्ड प्लेयर भंगारात घालू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले काही रविवार तुमच्या पुरवणीत रेकॉर्डची क्रेझ परत आलीय यावर लिहून येतंय, वाचून बरं वाटतं, पण त्या सगळ्यात नवीन मशीन कुठलं घ्यावं आणि नवीन छापलेल्या एलपी, म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या मोठ्या रेकॉर्ड, कुठं मिळतात एवढंच असतं. ज्यांच्या घरी माळ्यावर वडिलांचं नाहीतर आजोबांचं मशीन चादरीत गुंडाळून पडलंय त्यांच्यासाठी एक ओळसुद्धा नसते. आणि अशी घरं महाराष्ट्रात कमी नाहीत हो. एचएमव्हीचे फिएस्टा, कॅलिप्सो, फिलिप्सचे प्लेयर, परदेशातून आणलेले गॅरार्ड, बीएसआरचे आपोआप रेकॉर्ड बदलणारे चेंजर, एकेकाळी हे लग्नात भेट म्हणून मिळायचे, बोनसमधून घेतले जायचे. आता घर बदलताना, वाडा पाडताना, दिवाळीच्या आवराआवरीत ते थेट भंगारवाल्याच्या हातगाडीवर जातात आणि तिथं त्यांचा भाव लोखंडाच्या वजनावर ठरतो. का देताय विचारलं की उत्तर एकच, "बंद आहे, पार्ट मिळत नाहीत." म्हणून हे पत्र. बहुतेक मशीन बंद नसतात, जाम झालेली असतात, आणि पार्ट मिळतात, नाही मिळाले तर आपल्याकडे बनवता येतात. हे मला मनापासून सगळ्यांना सांगायचंय म्हणून जरा लांबण लागली तरी चालवून घ्या.

आमच्या घरात गॅरार्डचा एसपी २५ आहे, वडिलांनी घेतलेला. गॅरार्ड म्हणजे इंग्लंडमधल्या स्विंडन गावची कंपनी, तिचा ३०१ हा १९५४ चा आणि ४०१ हा १९६५ चा टर्नटेबल आजही जगभर लोक शोधत असतात, एसपी २५ हा त्यांच्या मानानं साधा, मध्यमवर्गीय घरातला. आमचा बंद पडला तेव्हा एका दुकानात दाखवायला नेला तर त्यांनी वरचं झाकणसुद्धा न उघडता सांगितलं की याचं काही होणार नाही, मोटर गेली, ठेवून जा आम्ही विल्हेवाट लावतो आणि वर नवीन मशीनचा कॅटलॉग पुढं केला. मोटर गेलेली नव्हती. घरी आणून प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची फिरती थाळी, उचलला आणि खाली बघितलं तर गियरवरचं मूळ ग्रीस वाळून मेणासारखं घट्ट बसलं होतं, त्यामुळं कॅम, म्हणजे सुईची दांडी हलवणारा भाग, अडकला होता, आणि मोटर बिचारी फिरायचा प्रयत्न करून नुसती गुंईं करत होती. हे एवढंच. पण "मोटर गेली" हे वाक्य ऐकून किती मशीन मोडीत गेली असतील याचा विचार केला की फार वाईट वाटतं.

ज्यांना स्वतः बघायचं आहे त्यांच्यासाठी सांगतो. आधी प्लग काढा, नुसता स्विच बंद करून चालत नाही कारण या मशीनमध्ये २३० व्होल्ट उघड्या टॅगवर येतात. प्लॅटरच्या मधोमध बहुतेक वेळा एक बारीक क्लिप असते, ती काढली की प्लॅटर सरळ वर येतो. खाली एक मोठा दातेरी गियर दिसेल, रेकॉर्ड संपल्यावर आर्म, म्हणजे सुईची दांडी, उचलून परत जागेवर ठेवायचं काम तो करतो. त्याच्यावरचं पिवळं-तपकिरी वाळलेलं ग्रीस आइसक्रीमच्या काडीनं खरवडून काढायचं, मग कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसायचं, आणि नवीन ग्रीस अगदी बोटाच्या टोकाएवढं. आता यातली खरी गोम. त्या गियरवर एक नखाएवढी पातळ पट्टी असते, ट्रिप पॉल म्हणतात तिला. रेकॉर्डच्या शेवटी सुई आत वेगानं सरकली की ही पट्टी हलते आणि सगळी यंत्रणा सुरू होते. फुंकर मारली तरी हलावी इतकी ती मोकळी पाहिजे आणि तिला तेल-ग्रीस काहीही लावायचं नाही, कोरडी ठेवायची. बरेच मेकॅनिक चांगल्या हेतूनं सगळीकडे तेल सोडतात, मग चार दिवस मशीन छान चालतं आणि पुन्हा रेकॉर्डच्या शेवटी सुई तिथंच घिरट्या घालत बसते. मोटरच्या दोन्ही टोकांना पितळी बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या छोट्या नळ्या) असतात, ते तेल पिऊन ठेवणाऱ्या धातूचे असतात, त्यांना मात्र पातळ मशीन ऑइलचे दोन-तीन थेंब लागतात. खोबरेल तेल अजिबात नको. थंडीत ते थिजतं आणि पुढं चिकट होऊन बसतं, आणि आपल्याकडे पंख्यापासून शिलाई मशीनपर्यंत सगळीकडे तेच घालायची सवय आहे.

दुसरी गोष्ट रबराची. बहुतेक जुन्या मशीनमध्ये बेल्ट नसतो, रबराचं एक चाक असतं, आयडलर. मोटरची पुली त्या चाकाला फिरवते आणि ते चाक प्लॅटरच्या आतल्या कडेला फिरवतं. हे रबर वर्षानुवर्षं पडून कडक होतं, चकाकायला लागतं, आणि घसरतं. किंवा एका जागी पुलीला टेकून राहिल्यामुळं त्याला खळगा पडतो आणि मग गाण्याच्या मागं सतत धप धप धप ऐकू येतं. आपल्याकडे हा खळगा जास्त का दिसतो याचं मला वाटतं एक कारण लोडशेडिंग आहे. रेकॉर्ड चालू असताना लाइट गेली की प्लॅटर थांबतो पण चाक पुलीला दाबलेलंच राहतं, मग माणूस कंटाळून मेन स्विच बंद करतो, झाकण लावतो, आणि मशीन तसंच महिनोन्महिने पडतं. लाइट गेली तरी मशीनचा स्वतःचा लिव्हर ऑफवर घ्या, एवढं केलं तरी त्या रबराचं आयुष्य वाढतं.

नुसतं कडक झालं असेल तर बारीक पॉलिश पेपरनं कडेचा चकचकीत थर अगदी हलका घासून अल्कोहोलनं पुसलं की पकड परत येते. खळगा खोल असेल तर नवीन रबर चढवावं लागतं. आणि इथं लोक म्हणतात की हे इंग्लंडहून मागवायला लागेल. येतं तिकडून, मिळतं, पण पोस्टेज आणि कस्टम धरून त्या चाकाची किंमत मशीनच्या वर जाते. संपादक साहेब, तुमच्याच छापखान्यात ऑफसेट मशीनचे रबरी रोलर असतात ना, ते झिजले की त्यांच्यावर नवीन रबर चढवून ग्राइंड करून देणारी माणसं प्रत्येक मोठ्या शहरात आहेत, इचलकरंजीच्या माग आणि प्रोसेसच्या धंद्यातही रबरी रोलरचं काम चालतं. आयडलरचं अॅल्युमिनियमचं किंवा पत्र्याचं हब, म्हणजे रबराच्या आतला भाग, जपून ठेवलं असेल तर त्याच्यावर मऊ रबर चढवून घेता येतं. लोकांना भीती असते की साइज थोडा चुकला तर स्पीड चुकेल. नाही चुकत. मधल्या चाकाचा व्यास कितीही असो, स्पीड ठरतो तो मोटरची पुली आणि प्लॅटरची आतली कडा या दोघांच्या मापावर, मधलं चाक फक्त फिरणं पुढं पोचवतं. त्यामुळं व्यास मिलिमीटरभर इकडंतिकडं झाला तरी बिघडत नाही, चाक गोल मात्र बिनचूक पाहिजे आणि हबच्या मधोमध पाहिजे, नाहीतर सूर हलतो. रोलरवाल्याला हे आधीच सांगायचं, कारण त्याला वाटतं माप महत्त्वाचं आणि गोलाई चालून जाईल, आपल्याला उलटं पाहिजे असतं.

पुलीवरून आठवलं, अमेरिकेहून आणलेल्या मशीनबद्दल लिहिणं फार गरजेचं आहे कारण तिथं तर लोक शंभर टक्के चांगलं मशीन टाकून देतात. मुलगा किंवा भाऊ तिकडून येताना जुना प्लेयर घेऊन येतो, ११० व्होल्टचा, आपण स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावतो, मशीन फिरतं पण गाणं रडत रडत चालतं. मग सगळे म्हणतात मोटर कमजोर झाली. मोटर ठणठणीत असते. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी बदलत नाही. तिकडची वीज सेकंदाला ६० सायकलची, आपली ५० ची, आणि या जुन्या एसी मोटरचा वेग सायकलवर चालतो. म्हणजे मिनिटाला ३३⅓ च्या ऐवजी प्लॅटर जवळजवळ २७.८ फेऱ्यांनी फिरतो. हार्मोनियमवर सांगायचं तर गायक काळी एकमध्ये गायलेला असेल तर तुम्हाला तो काळी पाचमध्ये, खालच्या अंगाला ऐकू येतो आणि लय पण तेवढीच ढिली. त्यावर उपाय म्हणजे पुली बदलणे. मोटरवरच्या पितळी पुलीला प्रत्येक स्पीडसाठी एक पायरी असते, त्या प्रत्येक पायरीचा व्यास १.२ पट करायचा, बस. बऱ्याच जुन्या कंपन्या ५० सायकलची वेगळी पुली देतच होत्या, कुणाकडं जुनी पडलेली असेल तर उत्तमच. नसेल तर टर्नरकडं जायचं.

आणि टर्नर म्हटल्यावर मी कोल्हापूरकर म्हणून छाती पुढं काढूनच बोलणार. आमच्या शिवाजी उद्यमनगरमध्ये ऑइल इंजिनाच्या काळापासून लेथवर बसलेली माणसं आहेत, पितळी रॉडचा तुकडा आणि व्हर्नियरनं घेतलेली मापं दिली की हवी तशी पुली कातून देतात. फक्त भोक मोटरच्या शाफ्टला एकदम फिट बसेल असं पाहिजे, ढिलं राहिलं तर पुली डोलते आणि तो डोल थेट गाण्यात उतरतो. हे काम त्यांना क्षुल्लक वाटेल, पैसे पण धड सांगणार नाहीत, पण एकदा तिथंच बसून कशासाठी पाहिजे ते समजावलं तर असा जीव लावून करतात की बघत राहावं. मी दिलेल्या तुकड्याला त्यांनी पॉलिश पेपर लावून, डोळ्याजवळ धरून, परत लेथवर चढवून अजून एक बारीक हात मारला तेव्हा मला कळलं की मशीनला पार्ट मिळत नाही हे म्हणणं आपल्या भागात तरी खरं नाही. पुण्यात भोसरी, चिंचवड, नाशकात सातपूर-अंबड, कुठंही एमआयडीसी आहे तिथं असे लेथ आहेत.

स्पीड बरोबर आलाय का बघायला कागदाची स्ट्रोब चकती पुरते. ५० सायकलच्या विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो, म्हणून ३३⅓ साठी गोलावर १८० काळ्या रेघा, ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डसाठी ७७. मशीन फिरत असताना रेघा स्थिर दिसल्या तर स्पीड बरोबर, पुढं सरकल्या तर जास्त, मागं गेल्या तर कमी. पण आता घरात सगळीकडे एलईडी, चांगल्या एलईडीत ती उघडझाप नसते त्यामुळं रेघा दिसतच नाहीत आणि माणूस म्हणतो चकती खोटी. जुनी चोकवाली ट्यूब असेल तर तिच्याखाली बघा. नाहीतर स्विचबोर्डवर तो बारका लाल निऑन इंडिकेटर असतो ना, तसला एक होल्डरमध्ये जोडून, खोलीत अंधार करून रेघांच्या जवळ धरा, स्पष्ट दिसतं. जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

आता सुई. सगळ्यात जास्त गोंधळ इथंच आहे आणि रेकॉर्डचं सगळ्यात जास्त नुकसानही इथंच होतं. सुई ज्या छोट्या तुकड्यावर बसते आणि जो तिच्या थरथरण्याची वीज करतो तो म्हणजे कार्ट्रिज. जुन्या घरगुती प्लेयरमध्ये क्रिस्टल कार्ट्रिज असायची, तिच्यात रोशेल सॉल्ट नावाच्या क्षाराचा स्फटिक असतो. तो स्फटिक हवेतलं पाणी ओढतो आणि निकामी होतो. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्यांवर पावसाळे काढलेली क्रिस्टल कार्ट्रिज बहुधा मेलेलीच असते, आवाज अगदी बारीक येतो नाहीतर येतच नाही. ती दुरुस्त करण्यात वेळ घालवू नका, तिच्या जागी सिरॅमिक कार्ट्रिज बसते, ती दमटपणाला दाद देत नाही, आणि आजही नवीन मिळते. मशीनचा आर्म स्प्रिंगवर चालणारा साधा असेल, फिएस्टासारखा, तर सिरॅमिकच बरी. आर्मला मागं वजन किंवा भार कमी-जास्त करायची सोय असेल तर मॅग्नेटिक, म्हणजे चुंबकावर चालणारी, कार्ट्रिज बसवा, आवाजात जमीन-अस्मानाचा फरक पडतो आणि रेकॉर्डवर भारही दीड ते तीन ग्रॅमचाच पडतो. पण मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून जेमतेम काही मिलिव्होल्ट निघतात, सिरॅमिकचे शेकड्यात असतात, त्यामुळं ती सरळ अॅम्प्लिफायरच्या ऑक्स सॉकेटला लावली की आवाज लहान आणि पत्र्यासारखा येतो, मध्ये फोनो प्रीअॅम्प, म्हणजे तो बारीक आवाज आधी वाढवणारं सर्किट, लागतोच. त्याचं एक कारण असं की रेकॉर्ड कापतानाच खर्ज कमी आणि तीव्र आवाज जास्त करून कापलेला असतो, तो उलटा करून मूळ रूपात आणायचं काम प्रीअॅम्प करतो, १९५४ पासून त्याचं आरआयएए नावाचं एक ठरलेलं माप आहे.

आणि ७८ ची रेकॉर्ड एलपीच्या सुईनं वाजवू नका हो, हात जोडून सांगतो. ७८ ची खाच रुंद, तिच्या सुईच्या टोकाची त्रिज्या इंचाच्या हजाराव्या भागाच्या तिप्पट, एलपीची सुई त्याच्या चौथाईच्या आसपास. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी जाऊन खरखर गोळा करते आणि जाड सुई एलपीवर ठेवली तर एलपी कायमची गेली. जुन्या कार्ट्रिजला एक छोटा कान असतो, तो फिरवला की सुई पालटते, एका बाजूला एलपी एका बाजूला ७८, लोकांना हा कान फिरतो हेच माहीत नसतं. आपल्याकडे ७८ च्या रेकॉर्ड साठच्या दशकातही निघत होत्या, म्हणून एकाच घरात दोन्ही प्रकारच्या रेकॉर्ड असतात, आणि म्हणून ही काळजी आपल्याला जास्त घ्यायला लागते. अजून एक, ७८ ची रेकॉर्ड स्पिरिट, अल्कोहोल लावून पुसू नका. ती लाखेची असते. सुतार चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून फर्निचरला पॉलिश करतात ना, तीच लाख, तुमच्या रेकॉर्डचा वरचा थर तसाच विरघळेल. डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापड पुरे.

सुया मिळतात का? मिळतात. अमेरिकेच्या शुअर कंपनीनं २०१८ मध्ये कार्ट्रिज आणि सुया बनवणं थांबवलं तेव्हा पुष्कळ लोक हवालदिल झाले होते, पण जपानची जिको नावाची कंपनी, जी मुळात १८७३ पासून शिवणाच्या सुया करायची, ती आजही जुन्या कार्ट्रिजना लागणाऱ्या शेकडो प्रकारच्या सुया बनवते. कार्ट्रिजच्या अंगावरचा नंबर नीट वाचून लिहून ठेवा, भिंगानं बघा, फोटो काढा. नंबर असेल तर सुई सापडते, नंबर नसेल आणि कुणीतरी कार्ट्रिजच काढून फेकली असेल तर काम वाढतं. गॅरार्डमध्ये कार्ट्रिज एका प्लास्टिकच्या सरकत्या तुकड्यावर बसते, तो तुकडा हरवला तर आख्खा आर्म कुचकामी होतो. आणि त्याच्या मागचे चार पितळी टिकलीएवढे कॉन्टॅक्ट काळे पडले की एका बाजूचा आवाज जातो, खोडरबरानं घासले की येतो, त्यासाठी मेकॅनिकसुद्धा लागत नाही. आतल्या बारीक वायर सुटल्या असतील तर रंगावरून जोडता येतात, पांढरी-निळी डाव्या बाजूची, लाल-हिरवी उजव्या बाजूची.

पार्ट शोधायला कुठं जायचं हे सगळे विचारतात. मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, सुट्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी मुंबईतला लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातली तपकीर गल्ली, ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. ज्याकडं कुणी बघत नाही ती जागा म्हणजे गावोगावचे जुने मंडप आणि लाऊडस्पीकरवाले. लग्नाच्या, गणपतीच्या, उरसाच्या मांडवात यांचे रेकॉर्ड प्लेयर दिवसभर चालायचे, एक बिघडला तर दुसरा हवा म्हणून दोन-तीन ठेवलेले असायचे, कॅसेट आल्यावर ते सगळे गोडाउनमध्ये मागं ढकलले गेले. तालुक्याच्या गावात रेडिओ दुरुस्तीची जुनी दुकानं आहेत तिथंही विचारा. त्या माणसांशी घाईत बोलू नका, चहा घ्या, बसा, त्यांना मशीनचं नाव सांगा, ते उठून आतून डबा घेऊन येतात आणि त्या डब्यात तुम्हाला पाहिजे ती स्प्रिंग, तो बॉल बेअरिंगचा गोल रिंग, तो स्पीडचा नॉब असतो. जुन्या मशीनचा व्यवहार असा ओळखीवर चालतो, ऑनलाइन सर्च करून तो सापडत नाही.

आणि म्हणूनच भंगारचं माझं म्हणणं इतक्या कळकळीचं आहे. समजा तुमचं मशीन खरंच गेलं, मोटर जळाली, लाकडी बॉडीला वाळवी लागली. तरी त्याचा प्लॅटर चांगला असतो, आयडलरचं हब चांगलं असतं, आर्म, पुली, स्प्रिंगा, क्लिपा, तो सरकता तुकडा, सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनला लागतं. त्या मॉडेलची मशीन परत कधीही बनणार नाहीत, गॅरार्डचा स्विंडनचा कारखाना केव्हाच बंद झाला. म्हणजे पार्टचा साठा आता फक्त आपल्या माळ्यांवर आहे, आणि प्रत्येक हातगाडीबरोबर तो कमी होतो. स्वस्तातल्या सुटकेसच्या आकाराच्या नवीन प्लेयरवर आजोबांच्या एलपी वाजवणारी मुलं बघतो तेव्हा जीव कळवळतो, पाच-सहा ग्रॅमचा भार, कमी-जास्त करायची सोय नाही, आणि त्याच घरात वरच्या फळीवर त्याहून कितीतरी चांगलं मशीन धूळ खात असतं.

दुसरी काळजी माणसांची. हे काम येणारे मेकॅनिक सत्तरीच्या पुढं गेले, काहींची नजर गेली, काहींचे हात थरथरतात, मुलं मोबाइल रिपेअरिंगमध्ये गेली. त्यांच्याकडं सर्किट डायग्राम नाही, वही नाही, सगळं हातात आणि कानात आहे. मोटरचा आवाज ऐकून बुश सुकलाय की कॉइल तापतंय हे सांगणारा माणूस मी बघितलाय. आयटीआयमध्ये फिटर, टर्नर, इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक शिकणारी मुलं आहेत, त्यांच्यातल्या ज्यांना गाण्याची आवड आहे त्यांनी आठवड्यातून एकदा जरी अशा म्हाताऱ्या मेकॅनिकच्या शेजारी स्टूल टाकून बसायचं ठरवलं तरी ही विद्या अजून एक पिढी टिकेल, आणि आता रेकॉर्डची मागणी आहे म्हणजे त्यात चार पैसेही आहेत. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था रेकॉर्डबद्दल काम करते, माहिती जमवते, छापते. रेकॉर्डसाठी असं काम झालं तसं वाजवणाऱ्या मशीनसाठी आणि ती दुरुस्त करणाऱ्यांसाठी व्हायला पाहिजे. बालगंधर्वांची, हिराबाईंची ७८ ची तबकडी जपून ठेवायची आणि ती नीट वाजवणारं यंत्र मात्र किलोच्या भावानं द्यायचं, हे मला पटत नाही.

तुमच्याकडं एकच मागणं आहे. तुमच्या प्रत्येक जिल्ह्याच्या आवृत्तीत वाचकांना आवाहन करा की तुमच्या गावात रेकॉर्ड प्लेयर दुरुस्त करणारा कुणी असेल तर त्याच्या परवानगीनं त्याचं नाव आणि दुकानाचा पत्ता कळवा, आणि ती यादी एका रविवारी छापा. नवीन मशीनच्या जाहिरातीइतकीच जागा लागेल. मला माहितीतले आमच्याकडचे जे आहेत त्यांना विचारून मी पहिला कळवतो.

तोवर ज्यांना मशीन कुणाला द्यायचं आहे किंवा दुरुस्तीला पाठवायचं आहे त्यांनी एवढं करा. प्लॅटर काढून वेगळा कापडात गुंडाळा, तो वर ठेवूनच एसटीत टाकला तर मधला दांडा वाकतो. आर्म त्याच्या खुंटीला मऊ दोऱ्यानं बांधा, सेलोटेप नको, तिचा चिकटा निघत नाही. सुईवर टोपण असेल तर लावा, नसेल तर कार्ट्रिज काढून काड्यापेटीत कापूस घालून ठेवा. मागचं वजन काढून पाकिटात. मशीन खालून स्प्रिंगवर तरंगत असेल तर वरचे दोन-तीन मोठे स्क्रू फिरवून ते घट्ट बसवा, प्रवासासाठीच दिलेले असतात ते. आणि खाली पडलेली प्रत्येक क्लिप, वॉशर, बारीक गोळी एका पिशवीत घालून ती पिशवी मशीनलाच बांधा.

आपला,
एक जुना वाचक
राजारामपुरी, कोल्हापूर